अबू हमदचा फ्रीज आणि मेलेल्या बॅटऱ्या

गावाकडे कुणी विचारलं, "शारजात काय करत होता?" की मी "इलेक्ट्रिकलमध्ये होतो" असं सांगतो. समोरचा मान डोलावतो आणि त्याच्या डोळ्यांपुढे टाय लावून एसीत बसलेला मी उभा राहतो. मीही राहू देतो. खरं सांगायचं तर मी दुसऱ्यांनी काढून टाकलेल्या बॅटऱ्या उचलायचो, त्यांतल्या जिवंत कोणत्या नि मेलेल्या कोणत्या ते ठरवायचो आणि जिवंत असतील त्या वाळवंटात नेऊन पत्र्याच्या खोल्यांना जोडून द्यायचो. नव्वदचं दशक आणि त्यापुढची काही वर्षं हाच उद्योग केला. त्यात कंबर गेली, बऱ्याच पँटींना ॲसिडने भोकं पडली आणि मुलाचं शिक्षण झालं. कंबर सोडली तर तक्रार नाही.

आधी बॅटऱ्यांचं सांगतो, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. तुमच्या घरी इन्व्हर्टरखाली असते ती बॅटरी एक माणूस कण्हत का होईना, उचलतो. मी म्हणतोय त्या टेलिफोन एक्स्चेंजमधल्या, बँकांच्या नि हॉस्पिटलांच्या तळघरांतल्या. त्यांच्या एकेका डब्याला आम्ही सेल म्हणायचो. एक सेल भरलेल्या गॅस सिलिंडरपेक्षा जड, आत शिसं आणि ॲसिड. एवढं वजन उचलून मिळायचं काय, तर दोन व्होल्ट. सहा सेल एकापुढे एक जोडले की बारा व्होल्ट होतात आणि त्यावर दिवे, पंखा आणि छोटा फ्रीज रात्रभर चालतो. या सेलना कंत्राटात वय ठरवून दिलेलं असतं. वय झालं की काढायचे, चालत असले तरी. आपल्याकडच्या सरकारी नोकरांसारखंच. निवृत्त केलेल्यांतले निम्मे तरी ठणठणीत असायचे आणि त्या निम्म्यांवर आमची भाकरी होती.

आता कॅराव्हॅन. तिकडे कॅराव्हॅन म्हणजे गोरे लोक गाडीला जोडून सहलीला नेतात ते घर नव्हे. बांधकामावरचं ऑफिस असतं ना, पत्र्याची आयताकृती खोली, ट्रकवरून आणून क्रेनने वाळूत ठेवून देतात, तिला सगळे कॅराव्हॅन म्हणतात. राखणदार त्यात राहतो, इंजिनियर त्यात चहा पितो. एकदा मात्र एक खराखुरा गोरा साहेब खरीखुरी चाकांची कॅराव्हॅन घेऊन आला. त्याला डोंगराकडे नदीच्या कोरड्या पात्रात मुक्काम करायचा होता आणि बायकोला हेअर ड्रायर लागत होता. मी वजन सांगितलं, चाकांच्या बरोब्बर वर ठेवा असंही सांगितलं. तो म्हणाला, "डोंट वरी, आय ॲम ॲन इंजिनियर." मग त्याने जागा सोयीची म्हणून सगळे सेल मागच्या टोकाला ठेवले. रस्त्याला लागल्यावर कॅराव्हॅन म्हशीच्या शेपटीसारखी हलायला लागली. साहेब सुखरूप परत आला आणि बॅटऱ्यांची क्वालिटी बरी नाही म्हणाला. मी "सॉरी सर" म्हटलं. तिकडे ते रोज म्हणायचंच असतं, एखादं जास्तीचं म्हटलं तर बिघडत नाही.

वर्कशॉप शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात होतं, माझं आणि नूर खानचं. कागदावर ते तिसऱ्याच कुणाचं तरी होतं, तिकडे तसंच असतं. नूर खान पठाण. पिकअप त्याची, हत्तीसारखं बळही त्याचंच. माझ्याकडे आयटीआयचं सर्टिफिकेट होतं आणि मीटर होता. तो उचलायचा, मी मापायचो. मापून झाल्यावर मी "खलास" म्हटलं की सेल भंगारात, "चलेगा" म्हटलं की रंग मारून विकायला. या दोन शब्दांच्या जोरावर मी अल मजाजमध्ये खाडीजवळ फ्लॅट घेऊन बायकोमुलाला नेलं होतं, म्हणून त्या शब्दांचा मला जरा जास्तच अभिमान होता.

तर अबू हमद. हमद नावाच्या मुलाचा बाप म्हणून अबू हमद, त्याला दुसऱ्या नावाने हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. धैद गावाच्या पलीकडे वाळूत त्याचे उंट होते आणि उंटांशेजारी त्याची कॅराव्हॅन. शारजात पोरांचे मोठमोठे व्हिला होते, प्रत्येक व्हिलात त्याच्यासाठी एकेक खोली होती आणि म्हातारा त्यातल्या एकाही खोलीत राहत नव्हता. तरुणपणी गलबतावरून मुंबईला खजूर आणायचा, त्यामुळे हिंदी मोडकीतोडकी पण बिनधास्त.

"तुम बंबई?" त्याने पहिल्याच भेटीत विचारलं.

"नहीं, मिरज."

"मिरज बंबई में है?"

आता याला कुठे नकाशा काढून दाखवायचा. म्हटलं, "हाँ." तो खूश झाला. त्या दिवसापासून मी 'बंबई' झालो तो शेवटपर्यंत.

त्याला बॅटऱ्या हव्या होत्या त्या फ्रीजसाठी. अबू हमदला साखरेचा आजार होता, इन्सुलिनच्या बाटल्या थंड ठेवायला लागायच्या. विहिरीच्या पंपासाठी दिवसा जनरेटर चालायचा, पण मावळतीला म्हातारा तो बंद करायचा आणि मग सकाळपर्यंत कुणाच्या बापाची टाप नव्हती चालू करायची. मी म्हटलं, "बाबा, रात को भी चलाओ ना, झंझट खतम." त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की मी त्याला उंटाऐवजी डुक्कर पाळायला सांगतोय.

"तुम सोता है तो घर में गाड़ी चालू रखता है?" तो म्हणाला. मी सहा दणकट सेल लावून दिले. दिवसा जनरेटर चालेल तेव्हा चार्ज व्हायचे, रात्री फ्रीज आणि पंखा ओढायचे. जाताना बजावून सांगितलं, की सेलमधलं पाणी आटत जातं, वरून घालत राहायचं. नळाचं घालायचं नाही, विहिरीचं तर अजिबातच नाही, चांगलं पाणी आणून घालायचं. आम्ही कॅनभर डिस्टिल्ड पाणी ठेवून आलो. मोठ्ठं काम फत्ते केल्यासारखे नूर खान आणि मी परतीच्या वाटेवर पराठे खाल्ले.

हमद, म्हणजे थोरला मुलगा, सरकारी ऑफिसात मोठ्या हुद्द्यावर होता. तिकडचा पायघोळ झगा म्हणजे कंदुरा, ती पांढरीशुभ्र, कडक इस्त्री, इंग्रजी फर्डं. बापाने वाळूत राहावं हे त्याला बिलकूल पसंत नव्हतं. रोज संध्याकाळी तो बापाला फोन करायचा आणि एकच प्रश्न विचारायचा, फ्रीज थंड आहे का. म्हातारा एकच शब्द बोलायचा, "बारिद." म्हणजे थंड. मी तिथे असताना दोन-तीनदा ऐकलंय. फोन ठेवला की माझ्याकडे बघून म्हणायचा, "सरकार पूछता है."

उन्हाळा ऐन भरात असताना म्हातारा कॅराव्हॅनच्या पायरीवर बेशुद्ध सापडला. हॉस्पिटलात नेलं तर साखर आभाळाला टेकलेली. इन्सुलिन रोज टोचत होता, पण ते उन्हाने कधीच निकामी झालं होतं, कारण फ्रीज कित्येक दिवस गरम होता. आणि रोज संध्याकाळी फोनवर "बारिद" चालूच होतं. गरम आहे म्हणाला असता तर पोरगा त्याच रात्री गाडी घेऊन आला असता, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

हमदने मला बोलावून घेतलं. मी पिकअपमधून उतरलो आणि थेट बॅटऱ्यांकडे गेलो. सेलची झाकणं उघडली. सहाच्या सहा बसलेले, आतल्या पट्ट्यांवर पांढरं साचलेलं. पण पाणी काठोकाठ. डिस्टिल्डचा आमचा कॅन रिकामा होऊन कोपऱ्यात पडलेला.

"बाबा, पानी कौन सा डाला?"

अबू हमद हॉस्पिटलातून नुकताच परत आला होता, अजून पाय लटपटत होते. तरी स्वतः उठला, आत गेला आणि एक पांढरा प्लास्टिकचा कॅन मोठ्या मानाने धरून घेऊन आला. वर हिरव्या अक्षरात अरबी लिहिलेलं. नूर खानने ते वाचलं आणि एकदम दोन्ही हात छातीशी घेतले. झमझम. मक्केच्या पवित्र विहिरीचं, तिथून आणलेलं पाणी. म्हातारा ते घोट घोट जपून वापरायचा. आजारी माणसाला द्यायचा, व्यायला अडलेल्या सांडणीला द्यायचा.

"तुम बोला अच्छा पानी डालो," तो म्हणाला. "इससे अच्छा मेरे पास नहीं है."

त्या पाण्यात क्षार भरपूर असतात, माणसाला गुणकारी, शिशाच्या पट्ट्यांना विष. चांगलं पाणी म्हणजे ज्यात काहीच नाही असं पाणी, ही गोष्ट फक्त बॅटरीवाल्याच्या डोक्यात बसते. बाकीच्या जगात चांगल्या पाण्यात काहीतरी असावं लागतं. हे मी तेव्हाच नीट समजावून सांगायला हवं होतं, पण मला पराठ्यांची घाई. नूर खानने मला कोपराने ढोसलं आणि पुटपुटला, "पानी का नाम मत लेना, उस्ताद." मी म्हटलं, "बाबा, बैटरी पुराना था. गरमी में मर गया." त्या दिवशी सगळा दोष मी बॅटरीवर ढकलला, आणि तो गोरा साहेब मला आठवला.

हमदने मला बाहेर नेलं. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं, पुन्हा असं झालं तर म्हातारा वाचणार नाही. म्हणून हिवाळ्यापर्यंत त्याला शारजाच्या व्हिलात नेतो, एसीत ठेवतो. तोवर तू नव्या बॅटऱ्या लाव. परत आल्यावर पहिल्या शुक्रवारी मी स्वतः बघायला येईन. "इफ द फ्रिज इज वॉर्म, खलास. ही कम्स होम, अँड द कॅमल्स आर सोल्ड."

हे तो बापाला ऐकू जाईल असं बोलला नव्हता. पण म्हातारा इंग्रजी न कळताही उंटांच्या कुंपणाकडे बघत बसला होता.

झालं, मी बॅटऱ्या शोधायला लागलो. कोऱ्या मोठ्या बॅटऱ्या मागवायच्या तर जहाजाने येणार, तोवर उंटांचा लिलाव उरकला असता. मोटारीच्या बॅटऱ्या त्या उन्हात एक हंगाम टिकत नाहीत. एक्स्चेंजमधून निघालेला चांगला माल त्या खेपेला अजमानच्या एका माणसाने आमच्या आधी उचलला. महिने असे निघून गेले, आमच्याकडे राहिला एकच माल, आणि त्याला मी आधीच "खलास" म्हणून मोकळा झालो होतो.

तो माल विचित्र होता. वाळवंटातल्या कुठल्याशा तेलाच्या पंपिंग स्टेशनातून निघालेला, वरून राखाडी रंग थापलेला, नाव-गाव सगळं रंगाखाली. टोकांवर पांढरी बुरशी. एकेक सेल मीटरला लावला तर दोनच्या जागी जेमतेम सव्वा व्होल्ट. सहा जोडून बघितले, बल्ब मिणमिण. मग हायड्रोमीटर घेतला. ही एक काचेची नळी असते, तिने सेलमधलं ॲसिड ओढून घ्यायचं. चार्ज भरला असेल तर आतली कांडी वर तरंगते, नसेल तर बुडते. इथे ती मध्येच अडकलेली. दिवसभर चार्जिंगला लावले, कांडी तसूभर हलायला तयार नाही. दुसरा घेतला, तिसरा घेतला. सगळे एकाच जागी अडकलेले. इतक्या शिस्तीत मेलेल्या बॅटऱ्या मी जन्मात पाहिल्या नव्हत्या, आणि मला त्याचं नवल वाटलं नाही हेच नवल.

अबू हमद कॅराव्हॅनमध्ये परत आला. शुक्रवार जवळ आला. हातात काही नव्हतं तेव्हा मी एक जुनी जडीबुटी काढायचं ठरवलं. मेलेल्या सेलमधलं जुनं ओतून टाकायचं आणि ताजं ॲसिड भरायचं. कधी कधी त्याने सेल थोडे दिवस तग धरतो. ओतून टाकायचं म्हटलं तरी तळाशी निम्मंशिम्मं उरतंच. नूर खानने ॲसिडचे कॅन आणून ठेवले. दुसऱ्या दिवशी करू म्हटलं, कारण त्या दिवशी दसरा होता.

दसऱ्याला सुमन, म्हणजे माझी बायको, वर्कशॉपात यायची. वर्षातून तेवढा एकच दिवस. शटर अर्धं खाली ओढायचं आणि हत्यारांची पूजा करायची. पाने, मीटर, चार्जर, पिकअपचं स्टिअरिंगसुद्धा. आपट्याची पानं मिळायची नाहीत, दुबईच्या बाजारातून झेंडू मात्र यायचा. नूर खान त्या वेळेला बाहेर स्टुलावर बसून पेढ्यांची वाट बघायचा. सुमन विकायच्या बॅटऱ्यांना हळदीकुंकू लावून झाल्यावर कोपऱ्यातल्या राखाडी मालाकडे वळली.

मी म्हटलं, "त्यांना नको. मेलेल्या आहेत त्या."

"तुम्ही ठरवणार?"

"मीच ठरवतो. पगार त्याचाच मिळतो मला."

"वर्षभर तुमच्याकडे बसून आहेत ना? मग घरातल्याच झाल्या," असं म्हणून ती वाकली. ओल्या हळदीचं बोट एकेका सेलच्या डोक्यावर टेकवत गेली. ओळीच्या शेवटी पोचली, कुंकवाची वाटी उचलली, मागे वळली आणि तशीच थांबली.

"अहो, मी यांना हळद लावली की कुंकू?"

"मला काय विचारतेस? तुझ्या हातात वाटी होती."

"हळदच लावली मी. बोट बघा माझं." बोट पिवळं होतं. सेलवरची बोटं लालभडक. पहिली बोटं तर सुकून वीटकरी झाली होती.

मी देवाधर्मातला फारसा नव्हे, पण क्षणभर माझ्याही अंगावर काटा आला. सुमनच्या नाही. ती शांतपणे म्हणाली, "आमच्या आत्याकडे घरी कुंकू करायचे. हळदीला चुन्याची निवळी घातली की अशीच लाल होते. चुन्यासारखं काहीतरी आहे हे. तुमच्या त्या ॲसिडने होते का लाल?"

विकायच्या बॅटऱ्यांकडे बघितलं. त्यांच्यावरची हळद पिवळीधमक. ॲसिडने हळदीला काही होत नाही. हळद लाल होते ती ॲसिडच्या उलट्या पदार्थाने. वर साचलेली ती पांढरी बुरशी आतूनच झिरपलेली, म्हणजे या सेलमध्ये ॲसिड नव्हतंच. मी पत्र्याचा तुकडा घेऊन अधाशासारखा रंग खरवडायला लागलो, पूजा राहिली बाजूला. रंगाखाली पितळी पट्टी निघाली आणि पट्टीवर दोन शब्द, निकेल कॅडमियम.

आयटीआयच्या पुस्तकात हा धडा होता. "हे आपल्याकडे कुणी वापरत नाही, परीक्षेलाही येत नाही," म्हणून सरांनी सोडून दिला होता, आणि परीक्षेला न येणाऱ्या गोष्टीबद्दल मी सरांचा आयुष्यभर ऋणी होतो. त्या बॅटऱ्या ॲसिडवर नव्हे, त्याच्या उलट्या अल्कलीवर चालतात. त्यांचा सेल भरलेला असला तरी सव्वा व्होल्टच दाखवतो. हायड्रोमीटरची कांडी त्यांच्यात हलतच नाही, भरलेल्या असोत की रिकाम्या. माझ्या दोन्ही यंत्रांनी मला खरं तेच सांगितलं होतं. मी त्यांना प्रश्न शिशाचा विचारत होतो.

मग ॲसिडच्या कॅनांकडे नजर गेली. उद्या सकाळी मी त्या अल्कलीवर ॲसिड ओतणार होतो. उकळून तोंडावर आलं असतं, डोळे गेले असते, माझे आणि शेजारी उभा राहणाऱ्या नूर खानचे. मी मटकन खाली बसलो. सुमनला वाटलं, मला चक्कर आली. तिने नूर खानला हाक मारून पाणी मागितलं, तो पेढा समजून हात पुसत आत आला.

सहाऐवजी दहा सेल ओळीत जोडले की झाले बारा व्होल्ट. दहा निवडले, नीट पाणी दिलं, चार्ज केले आणि ट्रकच्या हेडलाइटचे बल्ब लावले. बल्ब दिवसभर तसेच जळत राहिले, तेजात फरक नाही. नूर खान थोड्या थोड्या वेळाने येऊन बघून जायचा आणि "खलास?" असं गंभीर चेहऱ्याने मला विचारायचा. पुढे कित्येक महिने त्याने हा छळ चालू ठेवला.

गुरुवारी आम्ही ते सेल अबू हमदकडे लावले. शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर हमदची गाडी धुरळा उडवत आली. मी मुद्दाम थांबलो होतो. पळून जावं असं वाटत होतं, पण पिकअपची किल्ली नूर खानकडे होती आणि त्याला तमाशा बघायचा होता. जनरेटर आदल्या संध्याकाळपासून बंद होता. म्हातारा पायरीवर काठी धरून बसला होता. त्याने मुलाला सलाम केला. बारिद मात्र म्हणाला नाही.

हमदने खिशातून थर्मामीटर काढला. हॉस्पिटलातून आणला असावा. फ्रीज उघडला, इन्सुलिनच्या बाटल्यांमध्ये तो ठेवला, दार लावलं आणि घड्याळाकडे बघत उभा राहिला. म्हाताराही काठी टेकत आत येऊन बसला. आम्ही चौघे त्या पत्र्याच्या खोलीत आणि मध्ये तो गुडघ्याएवढा फ्रीज. निकालाला उभं राहिल्यासारखं वाटत होतं, तेही न शिकवलेल्या धड्याच्या. हमदने दार उघडलं, थर्मामीटर उजेडात धरला. पुन्हा एकदा बघितलं.

"बारिद," तो म्हणाला. या वेळी मुलगा म्हणाला.

अबू हमदने मान हलवली, जणू बाजारभाव ऐकला. हमद माझ्याकडे वळून म्हणाला, "ओके. ही कॅन स्टे." आणि बापाजवळ खाली बसला. जरा वेळाने मी बघितलं तर दोघं एकाच थाळीतले खजूर खात होते.

मग म्हातारा बॅटऱ्या बघायला उठला. तेव्हा कुठे मला आठवलं. घाईगडबडीत आम्ही सुमनची बोटं पुसायलाच विसरलो होतो. दहाही सेलच्या डोक्यावर लाल टिळे, आणि हा माणूस पाच वेळा नमाज पढणारा. तो वाकला, बोटाने एक टिळा खरवडला, नाकाला लावला.

"ये क्या है?"

"कुरकुम," मी म्हटलं. हळदीला अरबीत तेच म्हणतात. लाल का, ते विचारलं असतं तर माझी अरबी तिथेच संपली असती.

"कुरकुम," तो म्हणाला. "ऊँट को ज़ख़म होता तो हम लगाता. बैटरी बीमार था?"

"हाँ, बाबा."

"अभी अच्छा?"

"अच्छा."

"तो रहने दो," म्हणाला. टिळे राहिले. त्याने बॅटरीला आपलं औषध दिलं होतं, सुमनने तिचं दिलं. गुण कुणाचा आला ते मला ठाऊक होतं, पण कुणाचं चुकलं हे मी त्याला कधीच सांगितलं नाही.

पुढे आम्ही हळदीची डबी वर्कशॉपातच ठेवली. नवीन माल आला की आधी बोट, मग मीटर. गिऱ्हाइकांना वाटायचं, हा इंडियन फार धार्मिक आहे.

मी तिकडचं सगळं आवरून निघालो तेव्हा अबू हमदला भेटायला गेलो. त्याच्या कुंपणापर्यंत एव्हाना सरकारी विजेचे खांब आले होते. पंप त्यावर चालत होता. कॅराव्हॅन मात्र त्या दहा म्हाताऱ्या सेलवरच. "वो अपना है," म्हणाला. माझा मुलगा माझ्याबरोबर गावी जाणार का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, तो इथे दुबईतच शिकतोय, नंतर येईल, इन्शाल्ला. म्हातारा खूप वेळ हसला. "हमद भी ऐसा बोलता था," म्हणाला.

मिरजेजवळच्या आमच्या गावात मी घर बांधलं. सुमन त्या घरात थोडीच वर्षं राहिली आणि गेली. तिच्यावाचून घर खायला उठतं, पण मुलाच्या आताच्या घरात ती कधी नव्हतीच, म्हणून मी इथेच राहतो. निखिल, माझा मुलगा, दुबईत जुमेरा लेक टॉवर्समध्ये कितव्या तरी मजल्यावर राहतो. त्याच्याकडे माझ्यासाठी एक खोली आहे. एसी आहे, तळ्याचा देखावा आहे, खिडकी उघडत नाही. नात मी मराठीत विचारलेल्याचं इंग्रजीत उत्तर देते, गोड देते.

साखर मलाही निघाली. इन्सुलिन फ्रीजमध्ये असतं. आमच्याकडे वीज कधी जाते याला धरबंध नाही, म्हणून जिन्याखाली मी माझ्या हाताने बॅटऱ्यांची ओळ जोडली आहे, अर्थातच जुन्या. दसऱ्याला त्यांना हळद मीच लावतो. सुमनसारखं बोट उमटत नाही, ओघळतं.

निखिलचा रोज संध्याकाळी फोन येतो. "बाबा, लाइट आहे? फ्रीज ओके ना? सांगा, नाहीतर मी तिकीट पाठवतो. एकटं राहायचा हट्ट कशाला?" चांगला मुलगा आहे, हमदसारखाच. शाळेत अरबी शिकलाय, म्हणून मी त्याला एका शब्दात उत्तर देतो, "बारिद." तो हसतो. मग मी फोन ठेवतो आणि उठून फ्रीज उघडून बघतो.